गॅरेजातलं सुतारकाम आणि मिशिगनची थंडी: कमी खर्चात ऊब कशी आणायची

निफाडला पारा पाच-सहा अंशांवर आला की आपल्याकडे द्राक्षबागेत पेटवलेल्या शेकोट्यांचे फोटो पेपरात येतात. इकडे मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या आसपास, जानेवारीत रात्रीचा पारा सरासरीनं उणे ७ सेल्सिअसपर्यंत उतरतो आणि दुपारी जेमतेम शून्याला टेकतो. घरात तापवणारी भट्टी, म्हणजे फर्नेस, चालू असते म्हणून हे जाणवत नाही. जाणवतं ते गॅरेजात. फ्रीजमध्ये ४ अंश असतात, म्हणजे तिथे उभं राहून रंधा मारण्यापेक्षा फ्रीजमध्ये बसणं बरं.

हा लेख नुकतंच घर घेतलेल्यांसाठी आहे. घराला जोडून एका गाडीचं गॅरेज आहे, गाडी बाहेर उभी करायची तयारी आहे, आणि शनिवार-रविवार तिथे देव्हारा, पाट, पुस्तकांचं कपाट असं काहीतरी करायची हौस आहे. मोठ्या कारखान्याची गणितं वेगळी असतात, ती इथे नाहीत. ओहायो, इलिनॉय, ओंटारिओतही हिशोब हाच राहील. दर तेवढे आपल्या बिलावरून बदलून घ्या.

१. हीटर बघण्याआधी तास मोजा

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न मनात येतो तो ‘गॅस स्वस्त की वीज?’ हा. पण तो पहिला प्रश्न नव्हे. आठवड्यातून किती तास काम होणार, हे प्रामाणिकपणे लिहून काढा. उत्साहात ‘रोज संध्याकाळी’ असं वाटतं. प्रत्यक्षात मुलांचा मराठी शाळेचा वर्ग, किराणा, बर्फ उपसणं हे सगळं वजा जाता माझ्या वाट्याला आठवड्याला बारा तास येतात, तेही चांगल्या आठवड्यात.

आता धरा, हीटर सरासरी दीड किलोवॉट खातो. बारा तासांचे १८ युनिट झाले. वीज २० सेंट युनिट धरली तर आठवड्याला ३ डॉलर ६० सेंट, आणि नोव्हेंबर ते मार्च असे वीस आठवडे धरून ७२ डॉलर. घरात येणारा नैसर्गिक वायू वापरला तर तेवढीच ऊब चौथ्या हिश्शाहूनही कमी पैशांत मिळते: एक लाख बीटीयूला (बीटीयू हे उष्णतेचं इथलं माप) एक डॉलर आणि ८० टक्के कार्यक्षमता धरली, तर युनिटमागे सव्वाचार सेंट. म्हणजे वर्षाचे साधारण १५ डॉलर. वाचले ५७. पण त्यासाठी गॅसची लाइन ओढायची, छताला हीटर टांगायचा, धुराचा पाइप बाहेर काढायचा, परमिट घ्यायचं. त्याची मजुरी धरून आकडा हजारांत जातो. ५७ डॉलर वर्षाला वाचवून तो खर्च कधी भरून निघायचा?

उलट तुम्ही घरूनच फर्निचर करून विकत असाल, आठवड्याला चाळीस-पन्नास तास तिथेच असाल, तर उत्तर फिरतं. म्हणून तास आधी. थोड्या तासांसाठी इंधनाच्या दरापेक्षा बसवण्याचा खर्च महत्त्वाचा असतो, आणि जाहिराती नेमका हाच भाग गाळतात.

२. ऊब जाते कुठे?

माझ्या गॅरेजाच्या मापावर हिशोब मांडतो, म्हणजे तुम्हाला आपला मांडता येईल. १२ बाय २० फूट, उंची ८ फूट. एक लांब भिंत घराला चिकटलेली, ती सोडून द्या. आत १३ अंश हवेत, बाहेर उणे ७. जॅकेट न घालता काम करायला १३ अंश पुरतात. वीसचा हट्ट धरू नका, रंधा मारणाऱ्याला घामच येतो.

इन्सुलेशन (ऊब अडवणारा थर) नसेल, छताला नुसता ड्रायवॉल (जिप्समचा तक्ता) असेल आणि दाराला साधा पत्रा असेल, तर गळती साधारण अशी होते: छतातून सव्वा किलोवॉट, भिंतींतून पाऊण, फटींतून जाणाऱ्या हवेनं ०.७, गाडीच्या दारातून ०.६५, आणि जमिनीच्या कडेनं ०.३५. एकूण ३.७ किलोवॉट. हे अंदाजी आकडे आहेत, पण त्यातला क्रम बघण्यासारखा आहे. बहुतेक जण दाराकडे बोट दाखवतात, कारण वारा तिथून लागतो. खरा चोर डोक्यावर बसलेला असतो.

वरच्या ॲटिकमध्ये, म्हणजे माळ्यावर, आर-३८ इतकं इन्सुलेशन (‘आर’ हे ऊब अडवण्याचं माप, आकडा मोठा तितकी गळती कमी) पसरलं की छताचा सव्वा किलोवॉट ०.०७ वर येतो. दाराला फोमचे तक्ते लावून आर-८ पर्यंत नेलं आणि फटी बुजवल्या, की तिथलाही एक किलोवॉटच्या वर वाचतो. भिंती न उघडताच एकूण गरज १.४ किलोवॉटवर येते. साध्या प्लगवर चालणारा हीटर दीड किलोवॉटचा असतो! म्हणजे ही तीन कामं केली की इलेक्ट्रिशियनला न बोलावता काम भागतं. भिंती फोडून आत आर-१३ भरलं तर आकडा ०.९ पर्यंत उतरतो, पण ड्रायवॉल आधीच लावलेला असेल तर त्या भानगडीत पडू नका. अर्ध्या किलोवॉटसाठी एवढी धूळ कोण खाणार?

गॅरेजावर बेडरूम असेल तर छतात इन्सुलेशन बहुधा आहेच. मग तुमचं निम्मं काम बिल्डरनं केलंय.

३. फटी, दार, छत, याच क्रमानं

फटी आधी, कारण त्या सर्वांत स्वस्त. थंडीच्या, वाऱ्याच्या दिवशी उदबत्ती लावून गॅरेजाच्या कडेकडेनं फिरा. धूर जिथे आडवा होईल तिथे खडूनं खूण करा. वायर आणि पाइप जिथे भिंतीतून जातात ती भोकं, खिडकीची चौकट, बाजूचं छोटं दार, आणि गाडीच्या दाराची तळची रबरी पट्टी. ही पट्टी वर्षानुवर्षं बर्फ आणि मीठ खाऊन दगडासारखी कडक झालेली असते. नवी पट्टी बाजूनं खोबणीत सरकवायची. साबणाचं पाणी लावलं की सरकते. हे काम दोघांचं आहे, एकट्यानं केलं की पट्टी मध्येच अडकते आणि तोंडातून कोल्हापुरी निघते.

मग दार. फोमचे तक्ते कापून प्रत्येक फळीत बसवायचे, किंवा तयार किट मिळतं. दोन गोष्टी मात्र विसरू नका. दाराचं वजन वाढतं. दार स्प्रिंगच्या जोरावर तोललेलं असतं, त्यामुळे काम झाल्यावर मोटर सोडवून दार हातानं अर्ध्यावर उचलून सोडा. ते तिथेच थांबलं तर ठीक, खाली घसरलं तर स्प्रिंग जुळवून घ्यायला माणूस बोलवा. वरच्या आडव्या दांड्यावरची स्प्रिंग स्वतः सोडवायला जाऊ नका. तिच्यातला ताण हात मोडण्याइतका असतो. दुसरं, उघडा फोम आगीत भराभर पेटतो आणि विषारी धूर सोडतो. दारासाठी वरून आवरण असलेला, त्याच कामासाठी विकला जाणारा फोम घ्या. भिंतीला किंवा छताला फोम लावलात तर त्यावर ड्रायवॉल हवाच.

छत शेवटी, कारण त्यात मेहनत आहे. सुटं, फुंकून पसरायचं इन्सुलेशन घ्या. ठरावीक पिशव्या घेतल्या की फुंकायचं मशीन बरीच मोठी दुकानं एक दिवस फुकट देतात. वर चालताना पाय लाकडी तुळयांवरच ठेवा, नाहीतर ड्रायवॉल फोडून थेट टेबल सॉवर, म्हणजे टेबलात बसवलेल्या करवतीवर, अवतराल. मास्क लावा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. आणि हे थंडीतच करा. जुलैत ॲटिकमध्ये चढणं म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात रजई पांघरणं.

घराच्या बाजूच्या भिंतीला मात्र भोक पाडू नका. तो ड्रायवॉल आग घरात शिरू नये म्हणून लावलेला असतो. ‘घरातल्या फर्नेसचा एक डक्ट (गरम हवेची नळी) गॅरेजात काढू या’ ही कल्पना प्रत्येकाला सुचते, मलाही सुचली होती. बांधकामाचे नियम ते करू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे: गाडीचा धूर आणि रंगाची वाफ त्याच वाटेनं मुलांच्या खोलीत जाईल.

४. प्लगमागे काय आहे ते बघा

आपल्याकडे गीझरसाठी १६ अँपिअरचा पॉइंट असतो. २३० व्होल्टला त्यातून साडेतीन किलोवॉट सहज मिळतात, म्हणून आपल्याला वाटतं की जाड पिन असली की काहीही चालतं. अमेरिकेत साध्या प्लगला १२० व्होल्ट असतात आणि मागे बहुधा १५ अँपिअरचा ब्रेकर. हिशोबानं १८०० वॉट, पण तासन्‌तास चालणाऱ्या उपकरणासाठी त्याच्या ८० टक्केच धरायचे असतात: १४४०. म्हणूनच इथले प्लगचे हीटर त्याच्याच आसपास, १५०० वॉटवर, येऊन थांबतात. बॉक्सवर बीटीयू लिहिलेले असतात. ३४१२ बीटीयू म्हणजे एक किलोवॉट तासभर, तेव्हा १५०० वॉट म्हणजे साधारण ५१०० बीटीयू. चाळीस डॉलरचा असो की दोनशेचा, ऊब तेवढीच. ‘दुप्पट ऊब, निम्मं बिल’ असं छापलेलं दिसलं की पुढच्या फळीवर बघा.

आता ब्रेकरच्या पेटीत जाऊन गॅरेजाचे प्लग कोणत्या ब्रेकरवर आहेत ते शोधा. एकाच ब्रेकरवर हीटर आणि टेबल सॉ असतील तर सॉ सुरू करताच अंधार होईल. वेगळा ब्रेकर मिळाला तर हीटर त्यावर लावा. तो २० अँपिअरचा असेल तर उत्तम. एक्स्टेन्शन वायर किंवा पॉवर स्ट्रिप अजिबात नको. त्या वितळतात, आणि गॅरेजात वितळलेल्या प्लास्टिकच्या शेजारी भुसा असतो.

पेटी गॅरेजातच असेल तर तुमचं नशीब चांगलं. २४० व्होल्टची वेगळी लाइन ओढायला अंतर थोडं, म्हणून मजुरीही थोडी. त्यावर ५ किलोवॉटचा हीटर छताच्या कोपऱ्यात टांगता येतो. त्याला ३० अँपिअरचा ब्रेकर आणि १० गेजची तांब्याची वायर लागते. हे काम परवानाधारक माणसाकडून, परमिट काढून करून घ्या. हीटर शंभर-दोनशे डॉलरमध्ये येतो; खरा खर्च लाइनचा. माळ्यावर चढायचंच नसेल, तर हाच दुसरा मार्ग: बिल जास्त येईल, पण गॅरेज लवकर कामाजोगं होईल.

५. मग हीटर कोणता?

प्लगवर चालणाऱ्यांत तीन जाती. पंख्याचा सिरॅमिक हीटर हवा पटकन गरम करतो, पण भुसा ओढून घेतो. आतल्या तारेवर बसलेली धूळ जळकट वास देते. सँडिंग करत असाल, म्हणजे पॉलिश पेपरनं लाकूड घासत असाल, तर तो बंदच ठेवा. तेल भरलेला रेडिएटर संथ असतो, काम सुरू करण्याआधी दोन-तीन तास लावून ठेवावा लागतो, पण त्याची तार उघडी नसते, आवाज नसतो, भुसा शिरायला जागा नसते. इन्फ्रारेड हीटर हवा गरम करतच नाही, समोरच्या अंगाला शेक देतो, शेकोटीसारखा. मागची बाजू गारच. छताला टांगून नेमका कामाच्या टेबलावर रोखला तर इन्सुलेशन नसलेल्या गॅरेजातही बरा चालतो.

मी तेलाच्या रेडिएटरच्या बाजूचा आहे. टायमर त्याच्यातच असलेला घ्या, सकाळी सहाला आपोआप सुरू होऊ दे, नऊला तुम्ही जा. चारही बाजूंनी तीन फूट मोकळे ठेवा. फिनिशची (लाकडावर द्यायच्या वॉर्निशची) बाटली, चिंध्या, भुशाची पिशवी त्या तीन फुटांत येता कामा नये.

थर्मोस्टॅटवर चालणारा छोटा हीट पंप, म्हणजे मिनी-स्प्लिट, सगळ्यांत चांगला. एका युनिट विजेत तो दोन-तीन युनिट ऊब देतो आणि जुलैत थंडावाही. स्वतः बसवायची किट मिळतात, पण हजार-दीड हजार डॉलर आधी काढून ठेवावे लागतात. बारा तासांच्या छंदासाठी मी ते काढले नाहीत. रोज बसणाऱ्यानं काढावेत, कडक थंडीत चालणारं मॉडेलच बघून घ्यावं, आणि दर पंधरा दिवसांनी फिल्टरमधला भुसा झाडावा.

६. प्रोपेनची टाकी: मी केलेली चूक

पहिल्या थंडीत मी बार्बेक्यूच्या टाकीवर बसणारा हीटर आणला. साठ-सत्तर डॉलर, काडी लावली की लालभडक, दहा मिनिटांत गॅरेज ऊबदार. शनिवारभर खूश होतो. रविवारी सकाळी गेलो तर टेबल सॉच्या बिडाच्या पाटावर तपकिरी डागांची रांगोळी.

कारण साधं रसायनशास्त्र आहे. एक किलो प्रोपेन जळताना १.६ किलोपेक्षा जास्त पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. बदलून मिळणाऱ्या टाकीत बहुधा २० पौंडांऐवजी १५ पौंडच गॅस भरलेला असतो. तो सगळा जळला की ११ लिटर पाणी, म्हणजे एक कळशीभर, तुमच्या हवेत. ती वाफ जाऊन बसते सगळ्यांत गार वस्तूवर: बीड, पटाशा, रंध्याचं पातं.

बरं, स्वस्त तरी पडतो का? १५ पौंड प्रोपेनमध्ये साधारण ९५ युनिट ऊब असते. टाकी बदलायला २२ डॉलर पडले तर युनिटला २३ सेंट. विजेपेक्षा महाग! भरून घेतली तर थोडी स्वस्त, पण हीटर चालू आहे तोवर खिडकी उघडी ठेवावी लागते, आणि उघड्या खिडकीतून ती ऊबही जाते.

खिडकी मात्र उघडी ठेवावीच लागते. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्यांच्या बातम्या आपण लहानपणापासून वाचतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. आपण फटी बुजवल्यावर तर धोका आणखी वाढतो. ज्वाळा असलेलं काहीही वापरणार असाल तर अलार्म लावल्याशिवाय नाही, आणि मी म्हणेन, वापरूच नका. उघडी ज्वाळा, उडता भुसा आणि थिनरची वाफ एका खोलीत नकोत. पेट्रोलची वाफ जड असते, जमिनीलगत साचते; म्हणूनच गॅरेजात ठिणगी पाडणारं कुठलंही उपकरण जमिनीपासून १८ इंच वर असावं असा नियम आहे. बर्फ उपसायचं मशीन आणि त्याचा पेट्रोलचा डबा सुतारकामाच्या खोलीतून हलवा. रॉकेलचे हीटर याच कारणासाठी बाद. लाकडाची भट्टी गाडीच्या गॅरेजात चालत नाही, आणि वेगळ्या शेडमध्येही आधी विमा कंपनीला विचारावं लागतं.

७. डिंक, बीड आणि पाय

हवा १३ अंशांवर आली म्हणजे लाकूडही आलं, असं नाही. पिवळा सुतारी गम साधारण १० अंशांच्या खाली नीट धरत नाही. सुकल्यावर पिवळसर पारदर्शक दिसण्याऐवजी चुन्यासारखा पांढरा, भुसभुशीत दिसतो. तसा दिसला तर सांधा सोडवा, पुन्हा करा. त्यावर देव बसवू नका. जोडायच्या फळ्या आदल्या रात्री घरात आणून ठेवा, क्लँप लावल्यावर रात्रभर घरातच राहू द्या. गम गोठला की त्याचा भरवसा धरू नका. फिनिशला तर आणखी ऊब लागते, १८ अंशांच्या पुढे. त्यासाठी मी मोठी कामं एप्रिलपर्यंत थांबवतो आणि छोटी तळघरात, कमी वासाचा पाण्याचा फिनिश वापरून करतो.

बिडाच्या पाटावर महिन्यातून एकदा मेणाचा हात फिरवा. गॅरेज पूर्ण गोठू देऊन मग झपाट्यानं तापवलं की गार लोखंडावर घाम येतोच, म्हणून सावकाश तापवा. भुसा ओढणाऱ्या यंत्राचं तोंड घराबाहेर काढलं असेल तर थंडीपुरतं ते आत वळवा, चांगल्या फिल्टरसह. नाहीतर पैसे देऊन तापवलेली हवा ते काही मिनिटांत शेजाऱ्याच्या अंगणात टाकतं.

आणि पाय. काँक्रीटची लादी जोड्यातून गारवा वर पाठवते, वरून कितीही तापवा. एकमेकांत अडकणाऱ्या जाड रबरी चटया टेबलापुढे टाका. वीस-पंचवीस डॉलरची ही वस्तू मी हीटरच्या आधी घ्यायला हवी होती.

निघताना, दुसऱ्या दिवशी काम नसेल तर, हीटरचा प्लग काढायचा आणि गमची बाटली घरात न्यायची. आमच्याकडे ती ओट्यावर, गोडेतेलाच्या बरणीशेजारी असते. रंग जवळपास सारखाच, म्हणून आता तिच्यावर लाल टेप गुंडाळलाय.